भरतीचा सराव, चक्कर आणि रक्तदाबाची वही: आचऱ्याच्या पुळणीवरच्या नोंदी

आमच्या भागातली मुलं-मुली पोलीस भरतीसाठी सिंधुदुर्गातल्या आचऱ्याच्या पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवर, धावतात. मुलग्यांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. सराव घेतात ते फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. मी मुंबईत परिचारिकेची नोकरी संपवून गावी परतले आहे. दसऱ्याच्या सुमारास मुलं चक्कर येऊन पडायला लागली तेव्हा सुभेदार घरी आले आणि म्हणाले, "ताई, जरा येऊन बघा." असे सराव किनाऱ्यावर गावोगाव चालतात. म्हणून काय केलं, काय फसलं, किती पैसे गेले ते लिहून ठेवते आहे. मुलांची नावं लिहीत नाही, वहीत त्यांना अक्षरं दिली आहेत.

३ ऑक्टोबर

आज नुसतं विचारत फिरले. कोण पडलं, केव्हा पडलं? उत्तर एकच: "बीपी लो झाला." मोजलं कोणी? कोणीच नाही. उपाशी होता, जागरण झालं होतं, नजर लागली, हेही ऐकलं. धावता धावता पडला की धावणं संपल्यावर, हे मात्र शेजारी उभ्या असलेल्यांनाही सांगता येईना. माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच आहे. थांबल्यावर आलेली चक्कर बहुतेक वेळा रक्तदाब खाली गेल्याने येते, आणि ती सावरता येते. भर धावण्यात शुद्ध गेली तर आधी हृदयाकडे बघायचं, बाकी सगळं नंतर.

दोनशे पानी वही घेतली. पहिला रकाना: "धावताना / थांबल्यावर / रांगेत उभं असताना."

६ ऑक्टोबर

दंडाला पट्टा बांधायचं डिजिटल मशीन कणकवलीहून आणवलं, १९५० रुपये. एका मुलाच्या घरी मनगटावरचं होतं, पण मनगट जरा वरखाली झालं की त्याचा आकडा बदलतो, म्हणून ते परत दिलं.

आजचे सगळे आकडे वाया गेले. कोणी धापा टाकत आलेलं, कोणी टी-शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा बांधलेला, कोणी बांधावर पाय लोंबकळत ठेवून मित्राशी गप्पा मारतंय. मोजायच्या आधी पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड उघडा, पट्टा कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर, मधे बोलायचं नाही. इतकं पाळलं नाही तर मशीन कितीही महागाचं असो, आकड्याला अर्थ नाही.

एका बारीक अंगाच्या मुलीचा वरचा आकडा ८६ आला. तिच्या आईला कोणीतरी फोन केला आणि बिचारी धावत आली. पट्टा मोठ्या मापाचा होता आणि मुलीच्या दंडावर जवळजवळ दोनदा फिरत होता. मोठा पट्टा आकडा कमी दाखवतो, लहान पट्टा जास्त. लहान मापाचा पट्टा मागवला, ६५० रुपये.

९ ऑक्टोबर

नवा पट्टा आला. त्याच मुलीचा आकडा १०२/६४. आई शांत झाली.

ही गोष्ट मुलांच्या घरी पुन्हा पुन्हा सांगावी लागते आहे: रोज धावणाऱ्या पोराचा रक्तदाब १००/६० आणि नाडी ५० असली तर तो आजार नव्हे. सरावाने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, म्हणून ठोके कमी लागतात. त्रास नाही तर औषध नाही. पण असं शरीर उभं राहताना सावरायला कधीकधी कमी पडतं, म्हणून बसून घेतलेला एक आकडा पुरत नाही.

आता झोपून-उभं राहून मोजायचं ठरवलं. सरावाच्या आधी, शाळेच्या ओसरीवर चटई. पाच मिनिटं उताणं झोपायचं, मग मोजायचं. उभं राहिल्यावर एका मिनिटाला एकदा, तिसऱ्या मिनिटाला पुन्हा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला, किंवा खालचा १० किंवा जास्त, तर त्या नावापुढे खूण.

उभं राहिल्यावर हात लोंबत ठेवला की आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो आणि उतरलेला रक्तदाब झाकला जातो. मुलाचा हात मी माझ्या खांद्यावर ठेवून घेते, म्हणजे पट्टा त्याच्या छातीच्या पातळीला राहतो. भिंतीला टेकू द्यायचं नाही. कोणाला अंधारी आली तर मोजणं तिथेच सोडून त्याला आडवं करायचं, आकड्यासाठी उभं ठेवायचं नाही.

११ ऑक्टोबर

बहुतेकांचा आकडा पाच-दहाने हलला, तेवढा हलणारच. उभं राहिलं की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं, आणि शरीर ते लगेच सावरून घेतं.

"च"चं तसं झालं नाही. झोपून ११२/७०, उभं राहिल्यावर पहिल्या मिनिटाला ८८/५८. तोंडाने "बरा आसय" म्हणत होता, पण ओठ पांढरे पडले आणि कपाळावर घामाचे बारीक थेंब आले. आडवा केला. खोदून विचारल्यावर सांगितलं: आठवडाभरापूर्वी जुलाब झाले होते, तेव्हापासून नीट जेवण नाही, पण सराव एक दिवसही बुडवला नाही. त्याला चार दिवस सुट्टी, मिठाची पेज, ओआरएस.

"त" वेगळीच निघाली. वय १८. रक्तदाब जागच्या जागी, पण उभं राहिल्यावर नाडी ६६ वरून ११२ वर, दहा मिनिटं उभी ठेवली तरी उतरेना, आणि छातीत धडधड. हा "लो बीपी" नाहीच. तिला डॉक्टरांकडे पाठवलं. रक्त, थायरॉइड आणि ईसीजी (हृदयाच्या विद्युत प्रवाहाचा आलेख) बघायला सांगितलं आहे. नुसता रक्तदाब मोजून थांबले असते तर ती "नॉर्मल" ठरून घरी गेली असती. नाडीचा रकाना ठेवाच.

१४ ऑक्टोबर

आज सगळ्यात जास्त उपयोगाचं काम झालं, आणि त्याला पैसा लागला नाही.

शेवटच्या रेषेपाशी वाळूत बसून राहिले. मुलगा जीव तोडून शेवटचे २०० मीटर मारतो, रेषा ओलांडतो आणि खांबासारखा थांबतो. कमरेत वाकून गुडघ्यावर हात. मग शिट्टी, रांग, सावधान, वेळ लिहून घेणं. याच रांगेत मुलं पडतात.

कारण सरळ आहे. धावताना पायांतल्या रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात आणि त्यांतलं रक्त पोटऱ्या दर पावलाला पिळून वर ढकलत असतात. पाय थांबले की ते ढकलणं थांबतं, वाहिन्या मात्र सैलच. रक्त खाली साचतं, हृदयाकडे कमी येतं, मेंदूला कमी पोचतं. दमट हवेत घाम सुकत नाही, कातडीकडेही रक्त जास्त जातं, आणि ऑक्टोबरात आपल्याकडे ही भर पडतेच.

सुभेदारांशी वाद झाला. ते म्हणाले, "फौजेत धावून आल्यावर उभं राहावंच लागतं, आताच सवय नको?" मी विचारलं, परेडला जवान पडताना तुम्ही पाहिलेत की नाही? पाहिलेत म्हणाले. मग मार्ग निघाला. रेषा ओलांडली की थांबायचं नाही, सुरूच्या बनापर्यंत चालत जायचं आणि चालत परत यायचं. वेळ मनगटावर पेनाने लिहायची, रांग पाच-सात मिनिटांनी. रांगेत गुडघे ताठ आवळायचे नाहीत. बुटातल्या बुटात बोटं दाबायची, पोटऱ्या आवळायच्या-सोडायच्या. अंधारी यायला लागली तर पायांची अढी घालून मांड्या आणि ढुंगण घट्ट आवळायचं, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून ओढायची. तेवढ्यानेही भागलं नाही तर लाज न बाळगता उकिडवं बसायचं किंवा आडवं व्हायचं. हे मी त्यांच्याकडून रोज करून घेते आहे.

१७ ऑक्टोबर

चालायचा नियम मोडून "म" फोन बघत उभा राहिला आणि कोसळला. बरोबर डोळ्यांदेखत झालं म्हणून पुढचा गोंधळही दिसला. चौघांनी त्याला बखोटीला धरून उचललं आणि चहाच्या टपरीवरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसवला. मान छातीवर पडलेली. एकाने चप्पल नाकाला लावली, कोणी कांदा फोडून आणला, एक काकी "पानी पाज तेका, पानी पाज" म्हणत बाटली तोंडाला लावायला निघाल्या. सगळी माणसं मायेची. पण शरीर आडवं होऊन मेंदूला रक्त पोचवायला बघतं, आणि आपण त्याला बसता करून तेच अडवतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात ओतलेलं पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं.

खुर्चीतून खाली घेतला, पाय सॅकवर ठेवले. अर्ध्या मिनिटात डोळे उघडले. मधे दोन-तीन झटके आले तेव्हा "फीट इली" अशी ओरड झाली. चक्कर येऊन पडलेल्यालाही असे थोडे झटके येतात, विशेषतः त्याला उभा किंवा बसता धरून ठेवला असेल तर. जागा झाल्यावर लगेच ओळख, नाव, गाव नीट सांगत असेल तर फिटेची शक्यता कमी.

संध्याकाळी सगळ्यांना बसवून ठरवलं. पडला की आडवा. श्वास बघायचा. पाय वर, गर्दी मागे, गळ्याशी काही आवळलेलं असेल तर सैल. ओकारी आली तर कुशीवर. पूर्ण शुद्धीवर येऊन स्वतःच्या हाताने बाटली धरेपर्यंत पाणी नाही. एक-दोन मिनिटांत जागा झाला नाही तर १०८. श्वास नीट चालत नसेल तर ताबडतोब छातीवर दाब द्यायला सुरुवात, आणि त्याच वेळी दुसऱ्याने फोन. अंग भाजतंय आणि मुलगा असंबद्ध बोलतोय, तर तो उष्माघात समजायचा: सावली, अंगावर थंड पाण्याच्या बादल्या ओतत राहायचं, १०८. टपरीवाल्या काकीही बसल्या होत्या. आता खुर्ची द्यायला कोणी आलं तर त्याच हाकलतात.

२१ ऑक्टोबर

मीठपाण्याचं. वजनकाटा आणला, ९०० रुपये. सरावाआधी आणि नंतर, अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन. एक किलो उतरलं म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं. एका मुलाचं दीड तासात १.४ किलो गेलं आणि तो घरून फक्त कोरा चहा पिऊन आला होता.

पहिली दोन पातेली कोकम सरबताची केली, ती चुकीची ठरली. बाजारातलं सरबत म्हणजे मुख्यतः साखर. आपल्याला हवं ते आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, त्यात मीठ असतंच. आगळ, पाणी आणि चवीपुरती साखर, हे मुलांनी आवडीने घेतलं. सकाळी निघण्याआधी घरी उकड्या तांदळाची पेज, मीठ घालून. आमच्या आज्या शेतावर जाणाऱ्याला हेच देत, आणि पाणी, मीठ, पिष्ट एकत्र देणारं याहून स्वस्त काही मला तरी माहीत नाही.

ओआरएसचं पाकीट लिटरभर पाण्याचं असतं. मुलं ते छोट्या बाटलीत ओतून पीत होती. तसं घट्ट पाणी त्रास देतं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, दोन्ही सपाट भरलेले छोटे चमचे. एनर्जी ड्रिंकचे डबे बंद केले.

उलट टोकही बघायला मिळालं. कोणीतरी सांगितलं म्हणून एकजण तहान नसताना साधं पाणी लिटरच्या लिटर पीत होता, मग डोकं दुखून ओकला. अति पाण्याने रक्तातलं सोडियम उतरतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. तहानेनुसार प्या, वजन वाढेपर्यंत पिऊ नका. जास्तीचं मीठ हे या घाम गाळणाऱ्या, रक्तदाब उतरणाऱ्या मुलांपुरतं आहे. सुभेदार स्वतः बीपीची गोळी घेतात. त्यांना आगळाचं पाणी मी देत नाही.

"च" परत आला. झोपून ११०/७०, उभा राहिल्यावर १०४/७०.

२४ ऑक्टोबर

वही चाळताना ध्यानात आलं की पडण्याचे दिवस गठ्ठ्याने येतात. मासेमारी करणाऱ्या एका मुलाने वहीतल्या तारखा बघून लगेच सांगितलं: अष्टमीच्या आसपासचे आहेत. अमावास्या-पौर्णिमेला पहाटे ओहोटी असते, ओली घट्ट वाळू मिळते, मुलं उजाडायच्या आत धावून मोकळी होतात. अष्टमीच्या सुमारास पहाटे समुद्र भरलेला. मग एक तर वरच्या भुसभुशीत वाळूत धावायचं, नाहीतर पाणी उतरायची वाट बघत नऊ-दहाच्या उन्हात. आता त्या दिवसांत शाळेच्या मैदानावर जातो. पुळणीवर सराव घेणाऱ्यांनी पंचांग जवळ ठेवावं.

२७ ऑक्टोबर

"क" धावताना पडला. तिसऱ्या फेरीत, वेग चांगला होता, आधी काही जाणवलं नाही. हात पुढे न करता तोंडावर पडला, ओठ फुटला, नाकात वाळू. मी पोचेपर्यंत जागा झाला होता, आणि "परत धावू?" असं विचारत होता. सगळ्यांना ते इतरांसारखंच वाटलं. पहिला रकाना याचसाठी केला होता.

घरी गेले. त्याच्या आईला विचारलं, घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं का. नाही म्हणाली. मग बराच वेळ गप्प बसून म्हणाली, भाऊ गेला, पण तो बुडाला. वय ऐन पंचविशीतलं. समुद्रावर वाढलेला, पट्टीचा पोहणारा, पाणी शांत. मी तिथेच ठरवलं, याचं धावणं आजपासून बंद.

किनाऱ्यावर राहणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं. हृदयाच्या विद्युत प्रवाहाचे काही आनुवंशिक दोष असे असतात की धावताना किंवा पोहताना ठोक्यांची लय अचानक बिघडते. त्यातल्या एका प्रकारात पोहणं हे ओळखीचं निमित्त आहे. आपल्याकडे अशा मरणाला "बुडाला" म्हणतात आणि विषय संपतो. चांगला पोहणारा शांत पाण्यात बुडाला असेल, तर त्याच्या भाच्या-पुतण्यांचा ईसीजी काढायला हवा.

३० ऑक्टोबर

"क"ला जवळच्या एका दवाखान्यात "अशक्तपणा, बीपी लो" म्हणून सलाईन लावलं, शक्तीचं इंजेक्शन दिलं, आठवडाभराने धावायला हरकत नाही म्हणाले. ७०० रुपये. ईसीजी काढलाच नाही. दुसरीकडे काढून घेतला, ३०० रुपये. तो बघून डॉक्टरांनी हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. आलेखातलं क्यूटी नावाचं अंतर, म्हणजे दर ठोक्याला हृदयाचा विद्युत प्रवाह उठून पुन्हा शांत व्हायला लागणारा वेळ, लांबलेलं होतं. टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) २२०० रुपये, गाडीभाडं वेगळं. इको चांगला आला, म्हणजे हृदयाची ठेवण नीट आहे, दोष विद्युत प्रवाहात आहे. रोजची गोळी सुरू झाली. स्पर्धेचं धावणं बंद, एकट्याने पोहणं बंद. उलटीच्या आणि अँटिबायोटिकच्या काही गोळ्या अशा माणसाला चालत नाहीत, म्हणून कोणतंही औषध विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. आई आणि धाकट्या बहिणीचाही ईसीजी काढायचा आहे. पहिला बरा आला तरी तेवढ्यावर निश्चिंत होऊ नका, असं तज्ज्ञांनी बजावलं.

"क" वर्षभर या भरतीसाठी झटत होता. घरी परतताना गाडीत एक शब्द बोलला नाही. त्याला काय सांगावं ते मला सुचलं नाही, म्हणून मीही बोलले नाही. तो जिवंत आहे याचा आनंद माझ्या मनात होता, पण तो त्या वेळी त्याला दाखवायचा नव्हता.

५ नोव्हेंबर

मुलींचं हिमोग्लोबिन प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत तपासून घेतलं. स्त्रियांत १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी. तिघी खाली होत्या, एक तर ८.९ वर. देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्ताची कमतरता आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळलं, मग आपल्या पुळणीवर वेगळं काय असणार? ८.९ वाल्या मुलीला तिचे सहकारी "आळशी" म्हणत होते. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. पाळीत जास्त रक्त जात असेल तर डॉक्टरांना सांगा, लपवू नका. आता मार्गशीर्षातले गुरुवार येतील. उपास करायचा तर जोराचं धावणं त्या दिवशी नाही, असं ठरलं. देवाला त्यात काही कमी पडत नाही, हे पटवायला त्यांच्या आजीच पुढे आल्या.

१६ नोव्हेंबर

किरकोळ गोष्टी. धावून आल्याबरोबर कढत पाण्याने आंघोळ नको, एकाला न्हाणीघरात भोवळ आली. रक्तदान केलं असेल त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सराव नाही. मशीनचे सेल खाऱ्या हवेने गंजले, आता ते काढून डब्यात ठेवते. आरोग्य केंद्रातल्या मशीनशी आमचं ताडून पाहिलं, दोन-तीनचा फरक, चालेल.

"त"चे अहवाल ठीक आले. भरपूर पाणी-मीठ, आणि उभ्याने धावण्याआधी काही आठवडे बसून किंवा आडवं होऊन करायचे व्यायाम, असं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. सायकल चालते, धावणं अजून जमत नाही.

२ डिसेंबर

चालायचा नियम लागल्यापासून रांगेत पडणं जवळपास थांबलं आहे. अंधारी येते, पण मुलं आता वेळेत उकिडवी बसतात आणि चेष्टा होत नाही.

मशीन, पट्टा, वजनकाटा, वही, ओआरएस मिळून चार हजारांच्या आत बसलं. "क"च्या तपासण्या वेगळ्या, त्यासाठी सुभेदारांनी आणि मुलांच्या पालकांनी वर्गणी काढली.

शेजारच्या गावातल्या सराव घेणाऱ्यांनी वही मागितली, म्हणून रकाने इथे देते. कधी पडला: धावताना, थांबल्यावर की रांगेत. आधी काय जाणवलं: मळमळ, घाम, अंधारी, धडधड, छातीत दुखणं की काहीच नाही. शुद्ध यायला किती वेळ. आदल्या दिवसांत ताप, जुलाब, उपास, जागरण. कोणती औषधं. झोपून आणि उभं राहून रक्तदाब, दोन्हींसोबत नाडी. घरात कोणी चाळिशीच्या आत अचानक गेलं का, आणि हा प्रश्न विचारताना "बुडालेलेही सांगा" हे शब्द वापरा. धावताना पडणं, काहीच न जाणवता पडणं, छातीत दुखणं किंवा घरातलं असं मरण, यांतलं एकही असेल तर ईसीजी आणि डॉक्टर होईपर्यंत त्या मुलाला धावू देऊ नका, तो कितीही विनवू दे.